साखळी, सातबारा आणि बदलती राज्यं

ठाण्यात ‘तंत्रज्ञान’ आणि ‘इतिहास’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की बोलणं थेट १६ एप्रिल १८५३ वर जाऊन थांबतं. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, देशातली पहिली प्रवासी आगगाडी. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण इथल्या शेतकऱ्याच्या, आगऱ्याच्या, कोळ्याच्या आयुष्यात आगगाडीपेक्षा खोल शिरलेली वस्तू दुसरीच आहे: जमीन मोजायची साखळी. लांबी ३३ फूट. साखळीने शेत मोजलं, मोजलेल्या शेताला नंबर पडला, नंबरापुढे नाव लागलं, आणि त्यानंतर जेवढी सरकारं आली त्या सगळ्यांनी माणसाला ओळखलं ते त्या नावावरून.

राज्य बदलताना ज्ञान आणि तंत्रज्ञान समाजाला कसं वळण देतं, हा विषय निघाला की छापखाना, तारायंत्र, रेडिओ, मोबाइल ही यादी ठरलेली असते. मी ती बाजूला ठेवतोय. ही साधनं डोळ्यांत भरतात, त्यामुळे त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. नोंदवही मात्र तंत्रज्ञान वाटतच नाही. वही, रकाने, शाई आणि ते भरणारा एक माणूस, यात कसलं आलंय तंत्रज्ञान? पण नवी सत्ता येते तेव्हा तिला गाव दिसतं ते या रकान्यांतूनच. ज्याचा रकाना आहे तो दिसतो. ज्याचा नाही, तो शंभर वर्षं त्याच जागी राबत असला तरी दिसत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून ठाणे आणि नवी मुंबईचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर बरीच कोडी सुटतात.

पाच हात, पाच मुठी

साष्टी बेट आणि त्यावरचं ठाणे पोर्तुगीजांकडे होतं. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ते मराठ्यांकडे आलं, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडे कायमची राहिली. एखाद्या आजोबांना आपल्या हयातीत तीन झेंडे बघायला मिळाले असतील. प्रत्येक नव्या धन्याला पहिला प्रश्न एकच पडत होता: कोणाकडून किती वसूल करायचं?

त्याचं उत्तर धन्याकडे नव्हतं, गावाकडे होतं. जुन्या मराठी मोजणीत पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. आता हात कोणाचा आणि मूठ कोणाची, हे माणसागणिक बदलणारच. शिवकाळात ठरावीक लांबीची काठी लावायचा प्रयत्न झाला तो यासाठीच. पण मोजलेलं लिहून ठेवायचा तो कुलकर्णी, मोडी लिपीत. कुठलं शेत खाजण म्हणजे खाडीकाठची खारट जमीन आहे, कुठल्या शेतात उधाणाला खारं पाणी शिरतं, कोणी गेल्या वर्षी बांध फुटल्यावर सूट मागितली होती, हे त्याला आणि पाटलाला ठाऊक. त्यामुळे वरचा राजा बदलला तरी पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांना हात लावणं कोणालाच परवडत नव्हतं. माहिती त्यांच्या पोतडीत होती.

इंग्रजांना ही अडचण चांगलीच बोचत होती. भाषा न कळल्याने काय होतं याचा धडा त्यांना ठाण्यातच मिळाला. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनानंतर पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं, तोच किल्ला जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे. पहारा गोऱ्या सोल्जरांचा. १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले. घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठी गाण्यांतून पळून जायचा बेत ऐकवत होता आणि पहारेकऱ्यांना ओ की ठो कळत नव्हतं, असं सांगतात. गोष्टीला तिखटमीठ किती लागलंय कोण जाणे, पण ती इंग्रजांनीच पुढे सांगितली, यातच काय ते आलं.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि कंपनीने पुण्याचं पेशवे दप्तर ताब्यात घेतलं. कागदांच्या त्या रुमालांचा उपयोग इतिहासकारांना पुढे झाला. कंपनीने तो आधी केला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या इनाम, म्हणजे सारामाफीची जमीन, खाणाऱ्या घराण्यांना विचारलं जाऊ लागलं, सनद कुठे आहे? दप्तरात नोंद आहे का? ज्यांच्याकडे कागद नव्हता, किंवा कागद होता पण दप्तराशी जुळत नव्हता, त्यांची इनामं गेली. जुन्या राज्याची कागदपत्रं नव्या राज्याने जुन्या राज्याच्याच माणसांवर चालवली. १८५७ च्या आधी दक्षिण महाराष्ट्रात जो राग साठला होता, त्यात या कमिशनचा वाटा मोठा होता.

हुशार पिंगळ आणि व्यवहारी विंगेट

पुणे भागात १८२० च्या दशकात रॉबर्ट प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मोजणी केली. गावकऱ्यांच्या तोंडी त्याचं ‘पिंगळ’ झालं असलं तर नवल नाही. हा अभ्यासू गृहस्थ इंग्लंडहून नवं अर्थशास्त्र शिकून आला होता. शेतातून निघणारं उत्पन्न, त्यातून मशागतीचा सगळा खर्च वजा, उरलेल्यातला ठरावीक हिस्सा सरकारचा: कागदावर अगदी बिनचूक हिशेब. फक्त हजारो शेतांचं निव्वळ उत्पन्न काढायचं कोणी? हाताखालच्या कारकुनांनी. त्यांनी आकडे कधी अंदाजाने भरले, कधी पैसे खाऊन. सारा असा काही बसला की लोक शेतं टाकून निघून गेले.

मग १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या जोडीने काम नव्याने सुरू केलं. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. जमिनीचा रंग आणि खोली पाहून तिचे नऊ दर्जे पाडले, रुपयाच्या आण्यांत तिची किंमत धरली. एका बैलजोडीने कसता येईल एवढ्या तुकड्याला एक सर्व्हे नंबर दिला, हद्दीला दगड रोवले, आणि सारा तीस वर्षांसाठी ठरवून टाकला. सिद्धान्त म्हणून प्रिंगलच सरस होता. पण विंगेटची पद्धत मामुली पगाराच्या कारकुनाला राबवता येत होती, आणि तीच टिकली. मुंबई इलाख्यात पुढे सगळीकडे तीच पसरली.

साखळी इथेच येते. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, म्हणून सोळा आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. ‘गुंठा’ हे आपण अस्सल गावरान माप म्हणून वापरतो, पण त्याचा आजचा १,०८९ चौरस फुटांचा आकार या साखळीने ठरवलाय. आजही घणसोलीपासून उरणपर्यंत कोणीही जमिनीचा भाव गुंठ्यातच सांगतो, सातबाऱ्यावर कितीही हेक्टर-आर छापलेले असोत.

या मोजणीने एक गोष्ट बदलली जी कोणी ठरवून केली नव्हती. शेताला नंबर आणि एकच खातेदार मिळाल्यावर ते गहाण टाकणं, लिलावात काढणं सोपं झालं. आधी सावकाराला गाव, भाऊबंदकी, पाटील यांच्यातून वाट काढावी लागायची. आता दिवाणी कोर्टात हुकूमनामा मिळवला की नंबर त्याचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, इकडे फेरमोजणीत सारा वाढला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा उसळला. दंगेखोरांनी काय मागितलं? कर्जरोखे. रोखे दिले की सावकाराला बहुतेक ठिकाणी सोडून देत आणि रोख्यांची होळी करत. त्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण आपली मानगूट नेमकी कुठल्या कागदात अडकली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा सरकारला करावा लागला.

उतारा वाचायचा कसा

सातबारा हा शब्द रोज कानावर येतो. निवडणुकीत ‘सातबारा कोरा करा’ ही घोषणा असते, सिनेमात ‘सातबाऱ्यावर नाव चढवलं’ असा संवाद असतो. प्रत्यक्षात हे दोन वेगळे नमुने एका पानावर छापलेले असतात. गाव नमुना सात हा हक्काचा: भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार म्हणजे सारा, भोगवटादाराचं नाव, आणि उजवीकडे ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. गाव नमुना बारा हा पिकाचा: कुठल्या साली, कुठल्या हंगामात, काय पेरलं. त्यांच्या मागे उभा असतो नमुना सहा, म्हणजे फेरफार. सातबाऱ्यावर नावाशेजारी कंसात किंवा गोलात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक. उतारा म्हणजे आजचा फोटो, फेरफार म्हणजे तो फोटो असा का दिसतो त्याची हकिकत. वकील उताऱ्यापेक्षा जुने फेरफार आधी मागतो, ते यासाठी. हक्क नोंदवण्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला. आजचा सगळा डोलारा १९६६ च्या जमीन महसूल संहितेवर उभा आहे.

आता हाच कागद स्वातंत्र्याच्या आसपास कसा फिरला बघा. अलिबागजवळ चरी गावात १९३३ पासून शेतकऱ्यांचा संप चालला, सहा वर्षं. नारायण नागू पाटील पुढारी. खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, जमीन आम्ही कसणार नाही, असं ठरवून ती खंडाने कसणाऱ्या आगरी कुळांनी शेतं ओस टाकली. इकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरी-उंबरगाव भागात, १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. या लढ्यांतून कुळाला संरक्षण देणारे कायदे आले: आधी १९३९, मग १९४८, आणि १ एप्रिल १९५७ हा तर कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानलं गेलं. ‘कसेल त्याची जमीन’.

पण कसतो कोण, हे ठरवायचं कशावरून? पुन्हा त्या पानावरून. तलाठ्याने पिकाच्या नोंदीत कसणाऱ्याचं नाव लिहिलं असेल, कुळाचं नाव इतर हक्कात असेल, खंडाची पावती असेल, तर दावा उभा राहायचा. जमीनदारांना हे आधी कळलं, कारण ते वाचू शकत होते. कायदा येतोय अशी कुणकुण लागताच कित्येक ठिकाणी कुळांना हुसकावलं गेलं, ‘राजीनामे’ घेतले गेले, नोंदी घरच्या माणसांच्या नावावर फिरवल्या गेल्या. ज्या गावात किसान सभेचा किंवा शेतकरी कामगार पक्षाचा कोणी चार बुकं शिकलेला कार्यकर्ता होता आणि तो चावडीवर जाऊन नोंद तपासत होता, तिथली कुळं जास्त तगली. क्रांतीच्या गोष्टीत हा माणूस कधी दिसत नाही. मला विचाराल तर पाच भाषणं करणाऱ्यापेक्षा त्याचं काम मोठं.

नकाशातलं शहर

नवी मुंबईची कल्पना १९६० च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली: मुंबईची वाढ उत्तरेकडे लांबवण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला न्या. १७ मार्च १९७० रोजी हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. नकाशावर बघणाऱ्याला तिथे बरीचशी रिकामी जागा दिसत होती: भातशेती, मिठागरं, खाजणं, कांदळवन. गावात राहणाऱ्याला त्याच जागेत वर्षभराचं धान्य, मीठ, निवट्या, कोलंबी, सरपण दिसत होतं.

संपादन १८९४ च्या कायद्याने. त्याचं गणित समजून घेतलं पाहिजे. भरपाई मिळायची ती अधिसूचना निघाली त्या दिवशीच्या बाजारभावाने. शहर होणार म्हणून पुढे जो भाव चढायचा, तो शेतकऱ्याच्या हिशेबात धरत नसत. म्हणजे पूल, रेल्वे, सेक्टर यांमुळे तयार होणारी सगळी किंमत, ज्याच्या जमिनीवर ते होणार त्याला सोडून इतरांना. ही गोष्ट प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांनी गावोगाव सोप्या भाषेत सांगितली. ते वकील होते आणि आंदोलनात याचा फायदा झाला, हे मी मुद्दाम सांगतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यातून पुढे जे तत्त्व मान्य झालं ते म्हणजे साडेबारा टक्के: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

एक एकर गेली असं धरू. चाळीस गुंठे. साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी तीस टक्के कपात, म्हणजे दीड गुंठा वजा. उरले साडेतीन गुंठे: ३,८११ चौरस फूट, साधारण ३५४ चौरस मीटर. टक्क्यांत सांगायचं तर पावणेनऊ. पण भूखंडाला रस्ता, पाणी, गटार आलेलं असतं, म्हणून त्या साडेतीन गुंठ्यांची किंमत मूळ एकरापेक्षा कितीतरी जास्त होते. भाताच्या शेतकऱ्याला भविष्यातल्या शहरात वाटा मिळाला, आणि भारतात तोवर फार कमी ठिकाणी असं झालं होतं. हे डोकं वापरून मिळवलेलं यश आहे, आणि त्यासाठी पाच जीव गेले आहेत. दोन्ही खरं.

मग भूखंड कोणाला? पुन्हा सातबारा. ज्यांचं नाव खातेदार म्हणून होतं त्यांना, आणि त्यांच्या वारसांना. वारसांमध्ये मुलीही. त्यात १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती केली आणि साडेबारा टक्क्यांचं वाटपही त्याच दशकात सुरू झालं. आमच्या कोपरखैरण्याच्या गावठाणात त्या काळात जेवढ्या बहिणी माहेरी आल्या तेवढ्या एरवी गणपतीलाही आल्या नसतील. हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायला. आमची एक आत्या अजून सांगते, “सही मागायला आले तेव्हा मला कळलं, कागदावर माझं नाव आहे म्हणून.” तिने सही दिली की नाही हा आमच्या घरातला विषय आहे, तो इथे नको. पण वारसनोंदीच्या रकान्यात तिचं नाव तलाठ्याने वडिलांच्या मृत्यूनंतर बिनबोभाट लिहून ठेवलं होतं, म्हणून तिला विचारावं तरी लागलं.

ज्यांना कोणी विचारलंच नाही त्यांची गोष्ट वेगळी. मिठागरात हंगामभर फळी ओढणारा मजूर, दुसऱ्याच्या खाजणात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारा कोळी, बलुतेदार. खाडीला सर्व्हे नंबर नसतो. कुठल्या ओहोटीला खाडीच्या कुठल्या कोपऱ्यात जाळं लावायचं हे ज्ञान अतिशय बारीक असतं, पण त्याचा गाव नमुना कोणी काढला नाही. बंदर वाढलं, भराव पडला, कांदळवन गेलं, तरी भरपाईच्या यादीत त्यांचं नाव येणार कुठून? उरणचे पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले आणि २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यायचा आदेश दिला. तोंडी ज्ञान पुराव्यात बसवायला त्यांना किती खटपट करावी लागली असेल, याचा विचार करून बघा.

गावठाणाचं दुखणं थोडं वेगळं. जुन्या मोजणीला हवा होता सारा, आणि घरांवर शेतसारा नसतो. त्यामुळे नकाशावर गावठाण म्हणजे बाहेरून एक रेघ, आतल्या घरांना सातबारा नाही. रेघ जुनी, कुटुंबं वाढली. लोकांनी रेघेबाहेर, आपल्याच पूर्वीच्या शेतात, घरं बांधली. तोवर ती जमीन कागदोपत्री संपादित झालेली. झाली अनधिकृत. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ हा शब्दप्रयोग नवी मुंबईच्या प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो तो यामुळे. शंभर वर्षांपूर्वी एका सर्व्हेअरने आपल्या कामापुरती मारलेली रेघ आज महापालिकेच्या राजकारणाचा मोठा भाग ठरवते आहे.

मोडी जाणणारे अचानक महाग झाले

जुनी लिपी मेली म्हणून तिचा जोर संपत नाही, हे २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तहसील कचेऱ्या, शाळांचे दाखले, जन्ममृत्यूच्या वह्या, कारागृहांच्या नोंदी, सगळं उपसलं गेलं. त्यातलं बरंच मोडीत, मराठवाड्यातलं उर्दूत. जी मंडळी छंद म्हणून मोडी शिकली होती, ज्यांना घरचे ‘याचा उपयोग काय’ म्हणून विचारायचे, त्यांच्याकडे लोक फायली घेऊन यायला लागले. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे पाटलांचा मोर्चा वाशीत येऊन थांबला आणि तिथेच तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ‘सगेसोयरे’ (कुणबी नोंद सापडलेल्यांचे नातेवाईक) शब्दाचा समावेश असलेला मसुदा त्यांच्या हाती दिला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात तर निजामाच्या राज्यातलं हैदराबाद गॅझेटियरच पायाला घेतलं गेलं. आरक्षणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. मला यात दिसतं ते असं, की निजामाच्या आणि इंग्रजांच्या कारकुनांनी महसुलासाठी, शिरगणतीसाठी लिहिलेले शब्द आज कॉलेजातल्या जागा ठरवतायत. लिहिणाऱ्याच्या डोक्यात हे असणं शक्य नव्हतं.

मोबाइलवरची चावडी

आता संगणक. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. तलाठ्याची सही, त्याची सुट्टी, त्याचा मूड यांच्यावर उतारा अडत नाही, ही सुटका लहान नाही. जुन्या हस्तलिखित वह्या संगणकात भरताना मात्र नावं चुकली, क्षेत्रं चुकली, इतर हक्कातल्या नोंदी गळल्या. अशा चुका दुरुस्त करायला संहितेचं कलम १५५ आहे: लेखनप्रमादाची दुरुस्ती. तहसीलदाराचा तो अधिकार लेखनप्रमादापुरताच आहे. पण ‘चूक दुरुस्त केली’ आणि ‘हक्क बदलला’ यांतली रेघ दरवेळी स्वच्छ नसते, आणि जमिनीचा भाव जिथे आकाशाला भिडलाय तिथे ती पुसट करण्यात रस असणारे भरपूर.

याहून मोठा बदल मला ई-पीक पाहणीत दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाची नोंद करतो, फोटोसकट. नमुना बारा, ज्याच्या एका ओळीवर १९५७ मध्ये कुळांचं नशीब लटकलं होतं, तो भरायची लेखणी पहिल्यांदा तलाठ्याच्या हातून सुटली. अर्थात ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याच्या शिवाराला रेंज नाही, किंवा जो दुसऱ्याची जमीन तोंडी बोलीवर कसतो, त्याचं काय, हे प्रश्न आहेतच. खाते ज्याचं, नोंद त्याची. बटाईने करणारा या ॲपमध्येही दिसत नाही.

गावठाणांसाठी २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोन फिरतायत. शतकभर जी जागा नकाशावर कोरी होती तिथलं घर न् घर आता टिपलं जातंय, आणि मालमत्ता पत्रक हातात येतंय. ही योजना ग्रामीण गावठाणांसाठी, म्हणजे शहाद-टिटवाळ्याच्या पलीकडच्या गावांना तिचा लाभ. महापालिकेत गेलेल्या आमच्यासारख्या गावांचा सर्व्हे वेगळ्या वाटेने जातो. ड्रोनला छप्पर दिसतं. खालच्या चार खोल्यांत चार भावांच्या चुली आहेत आणि मधली पडवी सामाईक आहे, हे खाली उभं राहून सांगावं लागतं. मोजणीच्या दिवशी घरात कोण हजर असतं यावर बरंच ठरतं, म्हणून जवळच्यांची मोजणी निघाली तर बाहेरगावच्या भावंडांना आधी कळवा, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

आणखी एक सांगतो. तलाठ्याने फेरफार धरला की संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. पूर्वी ही नोटीस चावडीवर लागायची, येता-जाता कोणाच्या तरी नजरेला पडायची आणि संध्याकाळपर्यंत गावभर व्हायची. आता ती राज्य सरकारच्या महाभूमी या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ या नावाने लागते: जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफारांची यादी येते, पैसे पडत नाहीत. बघून घ्या, तुमच्या गावची यादी आज किती लांब आहे ते.